मूळ प्रत की झेरॉक्स : आतल्या यादीतील प्रत्येक नोंदीत नवे फील्ड जोडताना

वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच अडचणीबद्दल आहेत. तिन्ही वाचकांच्या भाषा आणि साधने वेगळी असली, तरी एका यादीच्या आत दुसरी यादी आहे आणि आतल्या यादीतील प्रत्येक नोंदीत एक नवे फील्ड भरायचे आहे, हे काम तिघांचेही सारखेच आहे. म्हणून ती तिन्ही एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : ऐरोलीतील आमच्या गृहनिर्माण संस्थेची मासिक बिले काढण्यासाठी मी जावास्क्रिप्टमध्ये एक छोटा प्रोग्राम लिहिला आहे. त्यात विंगांचा एक ॲरे, म्हणजे यादी, आहे आणि प्रत्येक विंगच्या आत सदनिकांचा दुसरा ॲरे आहे. भाडेकरू असलेल्या सदनिकांना नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (बिनभोगवटा शुल्क) लावण्याचा ठराव सभेत झाला, त्यामुळे प्रत्येक सदनिकेच्या नोंदीत हे नवे फील्ड हवे आहे. पहिल्या प्रयत्नात फील्ड आले, पण विंगांची नावे नाहीशी झाली. दुसऱ्या प्रयत्नात नावे राहिली, परंतु मागील महिन्याच्या यादीतही नवे शुल्क दिसू लागले. मी त्या यादीची प्रत आधीच काढून घेतली होती. मग हे कसे झाले?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : आपण पत्रासोबत दोन्ही प्रयत्नांचा कोड पाठवलात, त्यामुळे दोष नेमका कुठे आहे ते सांगता येते. आपल्या माहितीचा आकार, संक्षेप करून, असा आहे :

[
  { "विंग": "अ", "सदनिका": [
    { "क्रमांक": 101, "सेवाशुल्क": 1850, "राहणारे": "स्वतः" },
    { "क्रमांक": 102, "सेवाशुल्क": 1850, "राहणारे": "भाडेकरू" }
  ] },
  { "विंग": "ब", "सदनिका": [
    { "क्रमांक": 101, "सेवाशुल्क": 1850, "राहणारे": "कुटुंबीय" }
  ] }
]

पहिल्या प्रयत्नात आपण बाहेरच्या ॲरेवर मॅप चालवला आणि त्याच्या फंक्शनमधून थेट आतल्या मॅपचा निकाल परत केला. मॅपचा करार अगदी साधा आहे : ज्या ॲरेवर तो चालतो, त्यातील प्रत्येक घटकाच्या जागी आपले फंक्शन जे परत करील ते तो नव्या ॲरेत ठेवतो. आपल्या फंक्शनला विंग मिळाली आणि त्याने परत केली ती फक्त सदनिकांची यादी. साहजिकच नव्या ॲरेत विंगच्या जागी नुसत्या याद्या बसल्या आणि विंगचे नाव वाटेतच गळाले. ज्या पातळीवर जी वस्तू हातात घेतली, त्या पातळीवर तीच वस्तू, एवढा एक भाग बदलून, परत ठेवली पाहिजे. विंग घेतली तर विंगच परत द्यायची आणि सदनिका घेतली तर सदनिकाच.

दुसऱ्या प्रयत्नातील दोष अधिक फसवा आहे, आणि त्यावर मी थोडे सविस्तर लिहिणार आहे, कारण याच दोषाने मी स्वतः एकदा अडचणीत आलो आहे. आपण तीन टिंबांचे स्प्रेड वापरून मागील यादीची प्रत काढली आणि मग त्या प्रतीवर दोन फॉरईच, म्हणजे एकेक घटक हातात देणारे लूप, लावून प्रत्येक सदनिकेत फील्ड भरले. स्प्रेड प्रत काढते हे खरे, पण ती एकाच पातळीची. बाहेरचा ॲरे नवा झाला, परंतु त्यातील विंगा त्याच राहिल्या आणि विंगांच्या आतील सदनिकाही त्याच. संस्थेच्या नोंदवहीच्या फक्त अनुक्रमणिकेची झेरॉक्स काढावी आणि ती झेरॉक्स पाहून मूळ वहीचीच पाने उघडून त्यांवर लिहावे, तसे हे झाले. अनुक्रमणिका दोन झाल्या, पाने एकच राहिली. म्हणून आपण ‘चालू’ यादीत लिहिलेले ‘मागील’ यादीतही दिसले.

ठाण्यात आमच्या इमारतीची बिले काही काळ मी करीत असे. तिथे दुरुस्ती निधीचे फील्ड जोडताना मी अगदी हेच केले. एका ज्येष्ठ सभासदांनी मागील महिन्याचे छापील बिल आणून माझ्या स्क्रीनशेजारी धरले. कागदावरची एकूण रक्कम आणि स्क्रीनवरची त्याच महिन्याची रक्कम वेगळी होती. त्यांनी आवाज चढवला नाही, फक्त विचारले, “यातले खरे कोणते धरायचे?” छापलेला हिशेब मागाहून बदललेला दिसणे ही सभासदांच्या विश्वासाला धक्का देणारी गोष्ट आहे, आणि त्या प्रश्नाला त्या क्षणी माझ्याकडे उत्तर नव्हते. तेव्हापासून जुन्या महिन्याच्या माहितीला हात लावणारी ओळ मी दोनदा वाचल्याशिवाय चालवीत नाही.

योग्य रचना पुढीलप्रमाणे होईल. मॅप हा शब्द प्रत्यक्ष टंकताना रोमन अक्षरांत लिहावा लागेल आणि सुरुवातीला नेहमीप्रमाणे कॉन्स्ट लावावे लागेल. चल (व्हेरिएबल) आणि फील्ड यांची नावे मात्र जावास्क्रिप्टला देवनागरीतही चालतात.

चालू = मागील.मॅप(विंग => ({
  ...विंग,
  सदनिका: विंग.सदनिका.मॅप(घर => ({
    ...घर,
    बिनभोगवटाशुल्क: शुल्ककाढा(घर)
  }))
}))

यात चार गोष्टींकडे लक्ष द्यावे. प्रत्येक महिरपी कंसाभोवती एक साधा कंस आहे आणि तो अनावश्यक नाही. तो काढला तर जावास्क्रिप्ट महिरपी कंसाला ऑब्जेक्ट न समजता फंक्शनचे अंग समजते, आणि आत स्प्रेड असल्यामुळे लगेच सिंटॅक्स एरर देते. दुसरी गोष्ट क्रमाची. आधी ‘...घर’ आणि नंतर नवे फील्ड, असा क्रम ठेवल्यास नवी किंमत शेवटी लिहिली जाते आणि तीच टिकते. हा क्रम उलटा केला आणि एखाद्या नोंदीत त्याच नावाचे फील्ड आधीपासून असले, तर जुनी किंमत नव्या किमतीला पुसून टाकील. कधी कधी आपल्याला नेमके तेच हवे असते. सचिवांनी हाताने दुरुस्त केलेल्या रकमा तशाच ठेवायच्या असतील, तर उलटा क्रम वापरावा, पण तो समजून वापरावा. तिसरी गोष्ट अशी की, एखाद्या विंगमध्ये ‘सदनिका’ हे फील्डच नसेल तर तिथे टाइपएरर येऊन काम थांबेल. दोन प्रश्नचिन्हांच्या ऑपरेटरने रिकामा ॲरे पुरवून ही एरर टाळता येते, पण माझ्या मते बिलांच्या कामात ती येऊ द्यावी, कारण सदनिकाच नसलेली विंग म्हणजे माहितीतच काही तरी चुकले आहे. चौथी गोष्ट, वरील रचनेत विंग आणि सदनिका दोन्ही नव्या होतात, परंतु सदनिकेच्या नोंदीत पुढे ‘वाहने’ असा आणखी एखादा ॲरे असेल तर तो मूळचाच राहील. त्याला आपण हात लावत नाही तोवर काही बिघडत नाही. लावायचा झाला तर त्या पातळीवरही हाच मॅप आणि हेच स्प्रेड करावे लागेल.

सगळे एकदम नवे करण्यासाठी ब्राउझरमध्ये आता स्ट्रक्चर्डक्लोन हे फंक्शन मिळते आणि आपल्या कामाला तेही चालेल. जेसनमध्ये, म्हणजे माहिती मजकुराच्या रूपात लिहिण्याच्या पद्धतीत, रूपांतर करून परत उलगडण्याची जुनी युक्ती मात्र मी सुचवणार नाही. तिच्यात तारखांच्या साध्या स्ट्रिंग होतात आणि अनडिफाइन्ड किंमत असलेली फील्ड गळून पडतात.

आता शुल्काच्या हिशेबाबद्दल, म्हणजे वरच्या ‘शुल्ककाढा’ या फंक्शनने काय करावे त्याबद्दल. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 79-अ अन्वये शासनाने 1 ऑगस्ट 2001 रोजी काढलेल्या आदेशानुसार हे शुल्क सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांहून अधिक असू शकत नाही, आणि सदनिकेत सभासदाचे जवळचे कुटुंबीय राहत असतील तर ते आकारता येत नाही. आपल्या कोडमध्ये ‘राहणारे’ या फील्डची किंमत ‘स्वतः’ नसेल तर शुल्क लावा, अशी अट आहे. त्या अटीने ब विंगमधील 101 क्रमांकाच्या घराला, जिथे कुटुंबीय राहतात, 185 रुपये लागतील आणि ते चुकीचे ठरेल. अट ‘भाडेकरू’ असेल तरच, अशी लिहावी. ज्यांना शुल्क लागत नाही त्यांच्या नोंदीतही फील्ड ठेवून त्यात 0 भरावे. काही नोंदींत फील्ड आहे आणि काहींत नाही, अशी स्थिती ठेवल्यास पुढे बेरीज करताना एका ठिकाणी अनडिफाइन्ड मिसळून संपूर्ण बेरीजच नॅन, म्हणजे ‘संख्या नव्हे’, अशी होते. सेवा शुल्क 1845 असेल तर 184 रुपये 50 पैसे येतील, म्हणून रक्कम पैशांत, म्हणजे पूर्णांकात ठेवावी. जावास्क्रिप्टमध्ये 0.1 आणि 0.2 यांची बेरीज 0.30000000000000004 येते, हे आपण कन्सोलवर स्वतः पाहू शकता.

एक तपासणी मात्र टाळू नये. चाचणीपुरते मागील यादीतील प्रत्येक सदनिकेवर ऑब्जेक्टचे फ्रीझ चालवून ठेवा. त्यानंतर चुकून कोणी मूळ नोंदीत लिहिण्याचा प्रयत्न केला, तर स्ट्रिक्ट मोडमध्ये, म्हणजे जावास्क्रिप्टच्या कडक तपासणीच्या पद्धतीत, त्याच ओळीवर टाइपएरर येते. फ्रीझही एकाच पातळीचे असल्यामुळे नुसता बाहेरचा ॲरे गोठवून भागणार नाही, आत जाऊन प्रत्येक नोंद गोठवावी लागेल. स्ट्रिक्ट मोड नसेल तर लिहिण्याचा प्रयत्न गुपचूप वाया जातो आणि काहीच कळत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

प्रश्न : नौपाड्यात आमचे शिकवणी वर्ग आहेत. सकाळ, दुपार आणि सायंकाळ अशा तीन बॅचेस आहेत आणि प्रत्येक बॅचमध्ये विद्यार्थ्यांची यादी आहे. पीएचपीमध्ये दोन फॉरईच लावून प्रत्येक विद्यार्थ्याच्या नोंदीत हजेरीची टक्केवारी भरली, तर लूप संपल्यावर ती कुठेच दिसत नाही. एका परिचितांनी चलापुढे & लावायला सांगितले. त्याने टक्केवारी आली, पण पुढे यादी छापताना सायंकाळची बॅच नाहीशी होऊन दुपारची बॅच दोनदा छापली जाते.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ऐरोलीच्या वाचकांना नको असलेला बदल मूळ यादीत दिसला आणि आपल्याला हवा असलेला बदल मूळ यादीत दिसला नाही, याचे कारण दोन भाषांच्या स्वभावात आहे. जावास्क्रिप्टमध्ये लूपच्या हातात येते ती मूळ नोंद. पीएचपीमध्ये नोंद जर ॲरेच्या रूपात असेल, तर फॉरईच आपल्या हातात तिची झेरॉक्स देते. आपण झेरॉक्सवर टक्केवारी लिहिली आणि पुढच्या फेरीत ती झेरॉक्स टाकून दिली गेली.

& लावल्यावर मूळ नोंद हातात येते, हे आपल्या परिचितांचे म्हणणे बरोबर आहे. पण लूप संपल्यानंतरही ते चल शेवटच्या नोंदीला धरूनच राहते, ही गोष्ट त्यांनी सांगितली नाही. आपल्याकडे लूपनंतर बॅचचे चल सायंकाळच्या जागेला बांधलेले होते. छापण्यासाठी आपण पुन्हा त्याच नावाचे चल, या वेळी & न लावता, वापरले. पहिल्या फेरीत त्या चलात सकाळची बॅच घातली गेली, म्हणजे प्रत्यक्षात सायंकाळच्या जागेवर सकाळची बॅच लिहिली गेली. दुसऱ्या फेरीत त्याच जागेवर दुपारची बॅच लिहिली गेली. तिसऱ्या फेरीत पीएचपी सायंकाळची जागा वाचायला गेले, तेव्हा तिथे दुपारची बॅच होती. म्हणजे ही केवळ छपाईतील चूक नव्हे, तर मूळ ॲरेतील सायंकाळच्या विद्यार्थ्यांची यादी खरोखर पुसली गेली आहे. त्यानंतर ती फाइलमध्ये किंवा डेटाबेसमध्ये साठवली असेल, तर आधीच्या बॅकअपवरून परत घ्यावी.

उपाय दोन आहेत. & वापरायचेच असेल तर दोन्ही लूप संपल्यावर दोन्ही चलांवर ती बांधणी सोडवणारे अनसेट चालवावे. मला स्वतःला दुसरा उपाय अधिक पसंत आहे. फॉरईचमध्ये किंमतीबरोबर की, म्हणजे तिचा ॲरेतील क्रमांक, हीही घ्यावी आणि मूळ ॲरेचा पूर्ण पत्ता देऊन लिहावे : अमुक क्रमांकाची बॅच, तिच्यातील विद्यार्थी, अमुक क्रमांकाचा विद्यार्थी, त्याची टक्केवारी. ओळ लांब होते, परंतु आपण मूळ प्रतीवर लिहीत आहोत हे वाचणाऱ्यालाही स्पष्ट दिसते आणि मागे काही बांधलेले राहत नाही.

आपल्याच दुसऱ्या एका फाइलमध्ये असाच कोड & शिवाय चालतो, असे आपण पत्रात लिहिले आहे. तिथे माहिती जेसनमधून उलगडताना दुसरा पॅरामीटर ट्रू दिलेला नसावा. तो दिला नाही तर नोंदी ॲरेऐवजी ऑब्जेक्ट म्हणून येतात, आणि पीएचपीमध्येही ऑब्जेक्टची झेरॉक्स आपोआप निघत नाही. दोन्ही फाइलींत तो पॅरामीटर सारखाच ठेवावा.

प्रश्न : खारघरमधील एका कार्यालयात आम्ही अनेक गृहनिर्माण संस्थांची माहिती मोंगोडीबी या डेटाबेसमध्ये ठेवतो. एका संस्थेचे एक डॉक्युमेंट, त्यात विंगांचा ॲरे आणि त्यात सदनिकांचा ॲरे आहे. सर्व सदनिकांत नवे फील्ड एकाच आदेशाने जोडता येईल का? माहिती बाहेर काढून, बदलून पुन्हा भरणे आम्हाला धोक्याचे वाटते.
— दोन वाचक, खारघर

उत्तर : आपली भीती योग्य आहे. माहिती बाहेर काढून परत भरेपर्यंतच्या वेळात दुसऱ्या कोणी एखादी सदनिका बदलली, तर तो बदल आपण पुसून टाकू. डेटाबेसच्या आतच बदल करावा.

सर्व सदनिकांत एकच ठरावीक किंमत भरायची असेल, तर 3.6 या आवृत्तीपासून त्यासाठी डॉलर चिन्ह आणि रिकामा चौकोनी कंस मिळतो. सेटमध्ये फील्डचा मार्ग असा लिहावा :

"विंगा.$[].सदनिका.$[].बिनभोगवटाशुल्क": 0

पहिला $[] सर्व विंगा दाखवतो आणि दुसरा प्रत्येक विंगमधील सर्व सदनिका. एखाद्या विंगमध्ये ‘सदनिका’ हा ॲरेच नसेल तर हा आदेश एरर देईल, म्हणून तशी डॉक्युमेंट आधी शोधून दुरुस्त करावीत. ज्यांत फील्ड आधीच आहे त्या सदनिका वगळायच्या असतील, तर दुसऱ्या कंसात एक नाव घालून ॲरेफिल्टर्समध्ये त्या नावावर ‘हे फील्ड नसेल तरच’ अशी अट द्यावी. फील्डची नावे देवनागरीत चालतात, पण या कंसातील नाव मात्र रोमन लहान अक्षराने सुरू झाले पाहिजे आणि त्यात अक्षरे व अंक यांशिवाय काही नसावे.

प्रत्येक सदनिकेची किंमत तिच्याच सेवा शुल्कावरून काढायची असेल, तर वरची रीत पुरत नाही. तिथे 4.2 पासून मिळणारे पाइपलाइन अपडेट लागते, म्हणजे सेटचा टप्पा चौकोनी कंसात ठेवायचा. इथे एक मोठा खड्डा आहे आणि आपण पाठवलेल्या आदेशात आपण नेमके त्यातच पाऊल टाकले आहे. पाइपलाइनमध्ये नुसत्या टिंबांचा मार्ग दिला, तरी मोंगोडीबी तो ॲरेतील प्रत्येक घटकाला लावते, त्यामुळे फील्ड सगळीकडे जोडले जाते आणि काम झाले असे वाटते. पण उजवीकडे आपण सेवा शुल्काचा मार्ग दिलात, तेव्हा त्याचा अर्थ ‘या सदनिकेचे सेवा शुल्क’ असा होत नाही, तर संपूर्ण डॉक्युमेंटमधील सर्व सेवा शुल्कांचा ॲरे असा होतो. नुसता मार्ग दिला असता तर प्रत्येक सदनिकेत तो सगळा ॲरे बसला असता. आपण त्याला 10 ने भागायला सांगितले म्हणून, सुदैवाने, एरर आली आणि माहिती वाचली.

म्हणून पाइपलाइनमध्येही तीच रचना करावी जी ऐरोलीच्या वाचकांना वर सांगितली आहे. विंगांवर मॅप, त्याच्या आत विंग आणि नवी सदनिका-यादी यांचे मर्जऑब्जेक्ट्स, त्या यादीसाठी सदनिकांवर दुसरा मॅप, आणि त्याच्या आत सदनिका आणि नवे फील्ड यांचे मर्जऑब्जेक्ट्स. स्प्रेडचे काम इथे मर्जऑब्जेक्ट्स करते. मॅपला दिलेला ॲरेच नसेल तर तो एरर न देता नल परत करतो आणि आपण तो नल त्या जागी लिहून टाकतो. म्हणून ‘विंगा’ नसलेली डॉक्युमेंट आदेशाच्या शोध-अटीतूनच वगळावीत, आणि ‘सदनिका’ नसलेल्या विंगा आधीच दुरुस्त केलेल्या असाव्यात.

एका डॉक्युमेंटमधील बदल मोंगोडीबी पूर्ण तरी करते किंवा मुळीच करीत नाही, त्यामुळे एका संस्थेच्या अर्ध्याच सदनिका बदलल्या, असे होणार नाही. मात्र अपडेटमेनी हा आदेश अनेक डॉक्युमेंटवर चालताना मध्येच थांबले, तर काही संस्था बदललेल्या आणि काही न बदललेल्या राहतील. म्हणून आदेश असा लिहावा की तो पुन्हा चालवला तरी निकाल तोच येईल. सेवा शुल्कावरून शुल्क काढणे या कसोटीला उतरते, पण ‘असलेल्या रकमेत 10 टक्के वाढवा’ असा आदेश उतरत नाही, कारण तो दोनदा चालला तर वाढही दोनदा होते. आधी बॅकअप घ्यावा, एकाच संस्थेच्या डॉक्युमेंटवर आदेश चालवावा, त्या संस्थेच्या सदनिकांची संख्या बदलापूर्वी आणि बदलानंतर मोजून सारखी आहे ना ते पाहावे, आणि भाडेकरू असलेली, कुटुंबीय राहत असलेली व मालक स्वतः राहत असलेली अशी प्रत्येकी एक सदनिका उघडून तिची रक्कम हाताने पडताळावी. हे तिन्ही आकडे जुळले की बाकीच्या संस्थांवर आदेश चालवायला हरकत नाही.